बॅकग्राउंड म्युझिकसाठी रीपर, दीड वर्ष वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू बीट बनवणाऱ्या पोरांसाठी नाय. रीपरवर रॅप, रिमिक्स, लो-फाय कसं करायचं याचे व्हिडिओ ढिगानं पडलेत, ते बघा. मी बघतोय ते एवढंच की पिक्चर, शॉर्टफिल्म, सिरीयल असल्या चालत्या चित्राखाली म्युझिक बसवायचं असेल तर हे सॉफ्टवेअर कामाचं आहे का. मी कोल्हापुरात असतो, बारा वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला, लग्न, गणपती, नवरात्र सगळं, आणि मागच्या दीड वर्षात एक चौदा मिनिटांची शॉर्टफिल्म, दोन एकांकिका, एक साखर कारखान्याची डॉक्युमेंटरी आणि मुंबईत एका सिरीयलवाल्या दोस्ताच्या हाताखाली थोडं काम, असं सगळं यावरच केलं. पाचपैकी चार स्टार देतो, एक का कापला ते पुढं येईलच.

ज्यांना माहिती नाय त्यांच्यासाठी, रीपर म्हणजे गाणं रेकॉर्ड करायचं, मिक्स करायचं सॉफ्टवेअर, क्युबेस, लॉजिक, प्रो टूल्सच्या पंगतीतलं. कॉकोस नावाच्या छोट्या कंपनीचं आहे आणि त्यामागचा मुख्य माणूस जस्टिन फ्रँकल, म्हणजे तोच ज्यानं १९९७ ला विनॅम्प काढलं. सायबर कॅफेत बसून विनॅम्पवर गाणी ऐकलेल्या पिढीला हे ऐकून जरा बरं वाटेल, मला तरी वाटलं. डाउनलोड केलं तर पंधरा-वीस एमबी, मी आधी समजलो अर्धवट उतरलंय म्हणून परत उतरवलं. ६० दिवस पूर्ण फुकट, काहीही बंद केलेलं नसतं, त्यानंतर उघडताना एक खिडकी येते आणि थोडा वेळ थांबवते, लायसन घ्या म्हणून आठवण करून देते, पण चालतं. लायसन ६० डॉलर, म्हणजे आपल्या पाच हजारांच्या वर, आणि ते आत्ताच्या आणि त्याच्या पुढच्या एका मोठ्या व्हर्जनपर्यंत चालतं. धंदा वर्षाला २०,००० डॉलरच्या वर असला तर २२५ डॉलर, पण तिथपर्यंत पोचलेला माणूस हा रिव्ह्यू वाचत बसणार नाय.

आता मुद्द्याचं. उघडलं की आत काय? काय नाय. करड्या रंगाची रिकामी खिडकी. व्हायोलिन नाय, पियानो नाय, ढोलकी तर सोडाच. इक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब असलं रोजचं सामान आहे आणि चांगलं आहे, एक साधा सिंथ आहे, पण वाद्यांची लायब्ररी म्हणाल तर ती तुमची तुम्ही आणायची. ऑर्केस्ट्रातल्या माणसाला हे म्हणजे स्टेजवर उभं केलं आणि कीबोर्डच दिला नाय असं वाटतं. पहिले पंधरा दिवस मी शिव्याच दिल्या. नंतर कळायला लागलं की बॅकग्राउंडच्या कामात आवाज ही दुसरी गोष्ट आहे, पहिली गोष्ट आहे वेळ, आणि वेळेच्या बाबतीत या रिकाम्या खोलीत जेवढं सामान आहे तेवढं बऱ्याच सजवलेल्या दुकानांत नाय.

म्हंजे कसं ते सांगतो. शॉर्टफिल्म होती रिटायर झालेल्या एसटी ड्रायव्हरची. रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आजोबा सवयीनं पहाटे डेपोत जाऊन बसतात, एवढीच गोष्ट. डायरेक्टर पोरगा पंचविशीचा, मला दादा म्हणतो. पहिल्यांदा आम्ही बसलो ते नुसतं बघायला. याला स्पॉटिंग म्हणतात, पूर्ण पिक्चर एकत्र बघायचं आणि ठरवायचं की म्युझिक कुठं आत येणार, कुठं बाहेर जाणार, आणि कुठं अजिबात नको. प्रत्येक तुकडा म्हणजे एक क्यू, त्याला नंबर द्यायचा, आत येण्याचा टाइमकोड, म्हणजे तास-मिनिट-सेकंद-फ्रेममधली नेमकी वेळ, जाण्याचा टाइमकोड, आणि शेजारी दोन शब्दांत त्या जागी माणसाला काय वाटतंय ते. मोठ्या पिक्चरमधे १एम३ असं लिहितात, म्हणजे पहिल्या रीळमधला तिसरा म्युझिक क्यू. रिळं गेली, नंबर राहिले. आमचे सगळे मिळून सहाच क्यू होते तरी मी तसंच लिहिलं, जरा रुबाब.

रीपरमधे हे करायला मजा येते. व्हिडिओ फाइल सरळ ओढून ट्रॅकवर टाकायची, कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की व्हिडिओची खिडकी उघडते, पिक्चर चालू असताना एम दाबत जायचं, तिथं तिथं मार्कर, म्हणजे खूण, पडतो. शिफ्ट-एम दाबलं तर नाव पण देता येतं. तासाभरात आमची सगळी यादी टाइमलाइनवरच तयार झाली. विंडोजवाल्यांनी आधी व्हीएलसी टाकून घ्या, व्हिडिओ वाचायला रीपर त्याची मदत घेऊ शकतं, आणि प्रोजेक्ट सेटिंगमधे फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पळतात ते, एडिटरला विचारून भरा, अंदाजानं नाय.

यावर जरा थांबतो कारण माझे दोन दिवस यात गेले आणि चूक शंभर टक्के माझीच होती. पिक्चर २५ फ्रेमचं, मी प्रोजेक्ट ठेवला २४ वर. टाइमकोड मी रीपरमधून वाचतोय, एडिटर त्याच्या मशीनवरून, तो म्हणतो नऊ सेकंद आणि चोवीसावी फ्रेम, माझ्याकडं चोवीसावी फ्रेमच अस्तित्वात नाय, शून्य ते तेवीसच. आम्ही फोनवर भांडतोय. आणि चोवीसचं पिक्चर कुणी पंचवीसनं चालवलं तर चार टक्क्यांनी पळतं, आवाज पण चढतो, ते वेगळंच. त्यात मोबाइलवर शूट केलेले दोन शॉट, मोबाइलचा फ्रेम रेट एका जागी थांबत नाय, हलत असतो, त्यामुळं एडिटरकडून नीट स्थिर फ्रेम रेटची फाइल मागून घ्यावी लागली. नवीन पोरांनी हे कागदावर लिहून भिंतीला लावा.

आता खरी गंमत. आजोबा डेपोत बाकावर बसलेत, समोरून त्यांचीच जुनी गाडी सुटते, आणि गाडी वळणावर गेली की त्यांचा डावा हात नकळत गिअर टाकल्यासारखा हलतो. हात हलतो तो क्षण म्हणजे हिट पॉइंट, म्युझिकनं तिथं काहीतरी केलं पाहिजे किंवा मुद्दाम काही नाय केलं पाहिजे. क्यू सुरू झाल्यापासून तो हात बरोबर ३७.५ सेकंदांवर. आता हिशोब बघा, तबलजींना लगेच कळेल. ९६ चा टेम्पो, म्हणजे मिनिटाला ९६ मात्रा, धरला तर एक मात्रा ०.६२५ सेकंदाची, ३७.५ सेकंदांत बरोबर ६० मात्रा. दादरा धरला तर सहा मात्रांची दहा आवर्तनं पूर्ण आणि अकराव्याच्या समेवर हात. आपल्याकडं समेवर येणं म्हणजे काय हे कुणाला शिकवायला लागत नाय, हॉलिवूडवाले ज्याला हिट म्हणतात ती आपली समच की, फक्त इथं सम तबलजी ठरवत नाय, एडिटर ठरवतो.

पूर्वी हे कसं करत असतील याचा विचार करून माझं डोकं फिरतं. १९३० च्या दशकात तिकडं फिल्मच्या साउंड ट्रॅकला ठरावीक फ्रेमनंतर भोकं पाडायचे, ते भोक मशीनवरून गेलं की टक्क असा आवाज यायचा, तो वादकांच्या कानात द्यायचे, तोच क्लिक ट्रॅक. २४ फ्रेमच्या फिल्मला बारा-बारा फ्रेमवर भोक म्हणजे १२० चा टेम्पो. आपल्याकडं मुंबईत पडद्यावर पिक्चर चालू, समोर सगळा वाद्यवृंद, आणि काडी हातात घेऊन समोर उभा अरेंजर. हे अरेंजर बरेचसे गोव्याचे, लहानपणी चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले, शंकर-जयकिशनच्या पाठीमागं सबॅस्टियन डिसोझा होते तसे. म्युझिक डायरेक्टरनं सूर गुणगुणायचा आणि यांनी तो चाळीस माणसांत वाटून द्यायचा. पिक्चरमधे एक सेकंद कमी-जास्त झाला की सगळ्यांनी परत वाजवायचं. आणि इथं मी शिफ्ट-सी दाबून टेम्पो मार्कर टाकतोय आणि वर तक्रार करतोय.

तर मी दहा आवर्तनं बांधली, खूश झालो, पाठवून दिलं. चौथ्या दिवशी फोन. दादा, शॉट जरा वाढवलाय, अठरा फ्रेम, फार नाय. अठरा फ्रेम म्हणजे पंचवीसच्या हिशोबानं ०.७२ सेकंद. समेवर येणारा हात आता सम होऊन गेल्यावर एक मात्रा उलटून येतोय, लग्नात बँड वाजून संपल्यावर वरात पोचल्यासारखं. म्हणून पिक्चर लॉक, म्हणजे कापाकापी कायमची संपलेलं, झाल्याशिवाय म्युझिक करायचं नाय असं सगळे शहाणे सांगतात, आणि लॉक झालेलं पिक्चर मी आजवर बघितलेलं नाय. लॉक म्हणजे फक्त एडिटरनं फोन उचलायचं बंद केलेलं असतं.

आता ६० मात्रा ३८.२२ सेकंदांत बसवायच्या तर टेम्पो येतो ९४.१९. रीपर असा दशांशातला टेम्पो काही कुरकुर न करता घेतं. ९६ चा ९४.१९ म्हणजे दोन टक्के पण फरक नाय, कानाला कळत नाय. मी भरला आकडा, प्ले केलं आणि आजोबाच सावकाश चालायला लागले. गाडी पण सावकाश. कारण रीपरमधे टाकलेली प्रत्येक गोष्ट मुळात टेम्पोला बांधलेली असते, टेम्पो कमी केला की आयटम, म्हणजे ट्रॅकवरचा तुकडा, ताणला जातो, आणि व्हिडिओ पण त्याच्या लेखी एक आयटमच. गाणं करणाऱ्याला ही सोय आहे, आपल्याला गळफास. व्हिडिओच्या ट्रॅकवर राइट क्लिक करून टाइमबेस, म्हणजे आयटम कशाला बांधायचा ते, बदलून टाइम करायचा, तसंच डायलॉगच्या ट्रॅकला, की मग टेम्पोचं काहीही करा, पिक्चर जागचं हलत नाय. मॅन्युअलमधे लिहिलेलं आहे, पण ते मॅन्युअल चारशेच्या वर पानांचं आहे आणि आपण कधी वाचतो. पहिल्याच दिवशी हे करून ठेवा आणि तो रिकामा प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा, एवढं जरी या रिव्ह्यूतून घेतलं तरी वसूल.

आवाजाचं काय ते आता सांगतो. मी स्पिटफायरचं बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर टाकलंय, फुकट मिळतं, दोनशे एमबीच्या आसपास, ३३ वाद्यं, लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत खऱ्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेले सूर. त्यांच्याच लॅब्समधला सॉफ्ट पियानो पण आहे, जो आजकाल दर दुसऱ्या शॉर्टफिल्मच्या सुरुवातीला ऐकू येतो, तुम्ही पण ऐकलाय, फक्त नाव माहिती नसेल. माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर दोन्ही आरामात चालतं, फार ट्रॅक झाले तर रीपरमधे ट्रॅक फ्रीझ करायचा, तेवढ्यापुरता तो ऑडिओ होऊन जातो आणि मशीन मोकळं होतं.

डिस्कव्हरची स्ट्रिंग लांबून गोड, जवळ गेलं की प्लॅस्टिक. फुकटच्या मानानं तक्रार नाय. पण एक गोष्ट कुठल्याच असल्या लायब्ररीत नीट होत नाय, मींड. एक सूर रेकॉर्ड केलेला, दुसरा सूर रेकॉर्ड केलेला, मधली वाट कुणी चाललेलंच नाय. पिच बेंडनं ओढलं तर बासरी मांजरासारखी वाजते. त्यामुळं बासरीवाला खरा बोलवला, आमच्याच ऑर्केस्ट्रातला, गाद्या भिंतीला उभ्या करून बेडरूममधे रेकॉर्डिंग. चांगला टेक चालू आणि खाली भंगारवाल्याचा स्पीकर, रद्दी, पत्रा, जुनी बॅटरी. आठ टेक घेतले, रीपरमधे ते एकाखाली एक लागतात, पाहिजे तेवढा तुकडा ज्याचा त्याचा निवडून एक सलग ओळ करता येते, भंगारवाला कापून काढला. हे काम रीपर लै सुरेख करतं.

आता टेंप ट्रॅकचं दुखणं. टेंप म्हणजे एडिट करताना डायरेक्टर-एडिटर तात्पुरतं म्हणून दुसऱ्या कुठल्यातरी पिक्चरचं म्युझिक खाली लावतात. तात्पुरतं. मग तीन आठवडे रोज तेच ऐकतात आणि त्याच्या प्रेमात पडतात, आणि तुम्हाला म्हणतात अगदी असंच पाहिजे पण वेगळं. आमच्या पोरानं एसटी डेपोला अंतराळात यान चाललंय असलं म्युझिक लावलेलं, ऑर्गन, शंभर व्हायोलिनं. दादा, जरा भव्य पाहिजे. अरे आजोबा बाकावर बसलेत, यानात नाय. यात बिचाऱ्या पोराचा एकट्याचा दोष नाय, हे मोठ्यांच्यात पण होतं. १९६८ च्या कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या अंतराळाच्या पिक्चरला अ‍ॅलेक्स नॉर्थ या संगीतकारानं निम्म्या पिक्चरचं म्युझिक लिहून, रेकॉर्ड करून दिलेलं, आणि कुब्रिकनं शेवटी टेंपला लावलेलं तयार पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतच ठेवलं. नॉर्थला ते कळलं पिक्चर बघायला बसल्यावर. मी हे पोराला सांगितलं तर तो म्हणतो, पण पिक्चर भारी झालं ना. काय बोलणार.

रीपरमधे टेंप एका वेगळ्या ट्रॅकवर ठेवायचा आणि म्यूटचं बटण हाताशी, मी तर एक कस्टम अ‍ॅक्शन करून ठेवली, एक की दाबली की टेंप बंद आणि माझं चालू, परत दाबली की उलटं. डायरेक्टरसमोर अशी तुलना केली तर दहा मिनिटांत कळतं की त्याला टेंपमधलं नक्की काय आवडलंय. आमच्या केसमधे निघालं ते एवढंच की म्युझिक हळूहळू मोठं होत जातं ते आवडलंय. ऑर्गन नाय, अंतराळ नाय, नुसता चढ. मग काम सोपं.

तर मी काय केलं. पहिल्या व्हर्जनला दादरा, तबला, खाली स्ट्रिंग, वर बासरी. ऐकायला गोड, पिक्चरखाली लावलं की असह्य. आजोबांना काय वाटतंय ते प्रेक्षकाला कळायच्या आधीच म्युझिक ओरडून सांगतंय. एकेक म्यूट करत गेलो. आधी तबला गेला. मग स्ट्रिंग. ज्या दिवशी बासरी काढली त्या दिवशी वाईट वाटलं कारण आठ टेक घेतले होते आणि त्याला पाचशे रुपये पण दिलेले. उरलं काय, तर लोकेशनवर रेकॉर्ड केलेली उभ्या एसटीच्या इंजिनाची घरघर. ती सहज कानाला लावून हार्मोनियम काढली तर घरघर काळी एकच्या अगदी जवळ, थोडी उतरलेली. रीपरमधे त्या आयटमचा पिच काही सेंट, म्हणजे अगदी बारीक, वर केला, सुराला सूर लागला. मग हार्मोनियमवर नुसता काळी एकचा षड्ज धरला, मधेच पंचम, आणि दादऱ्याचा ठेका कुठं ठेवला तर भात्यात. सहा मात्रांना एकदा भाता दाबला जातो, श्वास घेतल्यासारखा. दहा श्वास, प्रत्येक थोडा मोठा, इंजिन लांब जातं तसं घरघर कमी होते आणि हार्मोनियम तिची जागा घेते, आणि अकराव्या समेवर हात हलतो तेव्हा काहीच नाय. पूर्ण शांत. पोरगा पहिल्यांदा गप्प बसला.

हे काय मी शोधून काढलेलं नाय. आमच्या कोल्हापुरात सुरू होऊन पुण्याला गेलेल्या प्रभातनं १९३७ ला कुंकू केला, केशवराव भोळ्यांचं संगीत, तेव्हा शांतारामबापूंनी वाद्यांचं पार्श्वसंगीत बाजूला ठेवून दृश्यातल्याच वस्तूंच्या आवाजांवर काम चालवलं. बोलपट येऊन तेव्हा सहा वर्षं झालेली फक्त. आणि आपल्याला आज एक सीन गप्प ठेवायला धीर होत नाय.

हार्मोनियमबद्दल एक सावधगिरी. तिचा आवाज नेमका माणसाच्या गळ्याच्या पट्टीत बसतो, म्हणून तर ती गायकाच्या साथीला चांगली, पण डायलॉगखाली लावली की शब्द खाते. ज्या क्यूत आजोबांची बायको बोलते तिथं मला ती एक सप्तक खाली न्यावी लागली आणि वाक्य संपल्यावरच सूर बदलायचा, वाक्याच्या मधे नाय. इक्यूनं मधला भाग थोडा कापला, पण खरं औषध म्हणजे माणूस बोलतोय तेव्हा आपण कमी बोलायचं. डायलॉगचा ट्रॅक एडिटरकडून वेगळा मागून घ्या, तो चालू ठेवूनच कंपोज करा. नुसतं म्युझिक सोलो करून जो खूश होतो तो मिक्सिंगला रडतो.

सिरीयलचं काम म्हणजे वेगळीच दुनिया, थोडक्यात सांगतो. बावीस-तेवीस मिनिटांचा एपिसोड, आठवड्याला सहा, आज शूट झालं ते चार दिवसांत लागायचं. तिथं कुठलं स्पॉटिंग आणि कुठला हिट पॉइंट. तिथं बँक करतात. सुनेची थीम, सासूची थीम, नवऱ्याची असलीच तर, सण, रडू, संशय, आणि तीनदा चेहरा दाखवायचा तेव्हाचे ते तीन धडाम. प्रत्येकाचे पाच-सहा अवतार, फुल, नुसता पियानो, नुसती बासरी, ठेक्यासकट, ठेक्याशिवाय, वीस सेकंदांचा, एक मिनिटाचा. हे सगळं आधी करून द्यायचं आणि पुढं रोज एपिसोडवर बसणारा माणूस त्यातून उचलून लावत जातो. माझ्याकडं चौदा थीमचे पाच-पाच अवतार होते, म्हणजे सत्तर फाइल. इथं रीपरला तोड नाय. प्रत्येक तुकड्याचा रीजन, म्हणजे टाइमलाइनवर आखलेला पट्टा, करा, नाव द्या, रेंडर मॅट्रिक्स नावाच्या तक्त्यात टिक करा की कुठल्या रीजनचे कुठले ट्रॅक पाहिजेत, आणि चहाला जा. परत येईपर्यंत सत्तर फाइल नावासकट तयार. आधी हे मी दुसऱ्या सॉफ्टवेअरवर एकेक करून काढायचो, अख्खी रात्र जायची.

पिक्चर देताना पण तेच, फायनल मिक्स करणारा स्टुडिओ बहुतेक प्रो टूल्सवर असतो, घाबरायचं कारण नाय, त्यांना तुमचा प्रोजेक्ट नको असतो, स्टेम, म्हणजे वेगवेगळ्या थरांच्या फाइल, पाहिजे असतात. हार्मोनियम वेगळी, इंजिन वेगळं, लय वेगळी, सगळ्या एकाच जागेवरून सुरू होणाऱ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह. आणि पिक्चर सुरू व्हायच्या दोन सेकंद आधी एका फ्रेमचा बीप टाकायचा, टू-पॉप म्हणतात, तो जुळला की सगळं जुळलं. आणि हो, क्यू शीट. कुठला क्यू किती सेकंदांचा, कुणी केला, हे लिहून ठेवा आणि निर्मात्याला पण द्या. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कागदावर मजबूत आहे, आयपीआरएस ही रॉयल्टी गोळा करणारी संस्था आहे, पण तिथं सांगणार काय, तुमच्याकडं यादीच नसेल तर.

एक स्टार का कापला ते. दिसायला कोरडं, अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरसारखं, थीम बदलता येते पण ते कोण करत बसणार. मेनूत इतकं काय काय आहे की पहिला महिना शोधण्यातच जातो, रीपर शिकवणाऱ्या केनी जोइयाचे फुकट व्हिडिओ नसते तर मी सोडून दिलं असतं. नोटेशनचा एडिटर आहे पण बेताचा, वादकांना छापून कागद द्यायचे असतील तर म्यूझस्कोर वगैरे वेगळं लागेल. आणि ज्याला उघडल्याबरोबर काहीतरी छान वाजवून पाहिजे, त्यानं मॅक असेल तर गॅरेजबँडच उघडावं, फुकट आहे, वाद्यं भरपूर, मूड लागतो. रीपर मूड लावत नाय.

मी साठाव्या दिवशी लायसन घेतलं असं खोटं सांगणार नाय, पाचव्या महिन्यात घेतलं, कारखान्याच्या डॉक्युमेंटरीचे पैसे आले तेव्हा. कार्डवरून डॉलरमधे जातात, बँकेचं थोडं वरचं कापलं जातं, तेवढं धरा.

आणि फाइल मेनूमधे सेव्ह न्यू व्हर्जन म्हणून एक ओळ आहे, दर वेळी ती दाबायची, नावापुढं आपोआप आकडा वाढत जातो, जुनं काही पुसलं जात नाय. मला ते उगाच वाटायचं. शॉर्टफिल्म फेस्टिव्हलला पाठवायच्या आदल्या रात्री साडेअकराला पोराचा फोन. दादा, तो शॉट परत पूर्वीएवढा केला, ते अठरा फ्रेम काढले, लांबत होतं. मी व्हर्जन अकरा बंद केलं. व्हर्जन सातमधला तबला म्यूट केला, टेम्पो ९६ चा होताच, इंजिन आणि हार्मोनियम अकरामधून उचलून त्यात टाकली, टाइमबेस बदललेला असल्यानं ती ताणली गेली नाय म्हणून शेवटचे दोन भाते परत वाजवून घेतले, हळू, कारण घरात सगळे झोपलेले. पावणेएकला पाठवून दिलं.